वाटेची वीत

काल दुपारी डिचोलीहून घरी येताना बस मध्येच थांबली. रस्ता जिथे व्हाळापाशी खाली उतरतो तिथे आता एक पाटी लावलेली आहे. व्हाळ म्हणजे तसा ओहोळच, पण श्रावणात त्याला ओहोळ म्हणायची छाती होत नाही. पाणी वाढलं की पाटीवरचा पिवळा दिवा आपोआप लुकलुकू लागतो आणि गाड्या अलीकडेच उभ्या राहतात. माझ्या पुढच्या बाकावरची कोळीण टोपली पायांत घट्ट धरून म्हणाली, "आदी डायवर पाणी बघून थांबत होतो. आता दिवो बघून थांबता." ड्रायव्हर मागे न बघता म्हणाला, "मावशे, पाण्याक विचारलंय तर ता कधीच 'थांब' म्हणना नाय. दिवो निदान सांगता तरी." सगळे हसले. नंतर बसमध्ये फक्त पत्र्यावरच्या पावसाचा आवाज राहिला, आणि सुक्या बांगड्यांचा वास.

तेवढ्यात माझा फोन थरथरला. हा निरोप रस्त्यावरच्या पाण्याचा नव्हता. आमच्या पेडण्याकडच्या रेल्वे पुलाचा होता. "पातळी वाढत आहे. सावध." आणि खाली एक आकडा. दोन वर्षांपूर्वी कॉलेजातल्या एका कामात, चाचणीसाठी माझा नंबर ह्या निरोपांच्या यादीत घातला होता. काम संपल्यावर आमचे सर तो काढणार होते. मी म्हटलं, राहू दे ना सर. का, ते मला नीट सांगता आलं नव्हतं.

निरोप वाचला की मी एक गोष्ट करते. कोणी बघत नसेल तर हात पसरून समोर ठेवते, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. काल तो पुढच्या बाकाच्या दांडीवर ठेवला. माझी वीत बाबांच्या वितेपेक्षा दोन बोटं कमी आहे.

माझे बाबा सोळा पावसाळे त्या पुलाचे राखणदार होते. पुलाचं कसलं राखण, असं शाळेत मुली विचारायच्या. पूल कोण चोरून नेणार? मी सांगायचे, पूल नाही राखायचा, पाणी राखायचं. जून लागला की रुळाच्या बाजूला पत्र्याची खोपी उभी राहायची. पुलाच्या खांबावर पांढऱ्या रंगात आकडे काढलेले होते आणि वर एक तांबडी पट्टी होती. पाणी कुठल्या आकड्याला लागलंय ते बघायचं, वहीत लिहायचं, आणि वाढायला लागलं की कळवायचं. मग गाड्या सावकाश. तांबड्या पट्टीला लागलं की गाड्या बंद. बाकी दिवसभर बसायचं. बाबांना बसता येत नसे. ते खोपीभोवती अळू लावायचे, रुळाच्या कडेच्या रानातून गणेशचतुर्थीला, आमच्या चवथीला, गणपतीच्या वर बांधतात त्या माटोळीसाठी कांगलं, ती रानफळं, कुठे धरलीत ते हेरून ठेवायचे.

मी डबा घेऊन जायचे तेव्हा ते मला पाण्याचा रंग दाखवायचे. आमच्या व्हाळाचं पाणी चढताना आधी हिरवं काळपट होतं, मग त्यात पानं येतात, मग फांद्या. पुढे कॉलेजसाठी नार्व्याला मावशीकडे राहायला गेले तेव्हा मला कळलं की पाणी सगळीकडे असं नसतं. मावशीच्या घरामागची नदी पावसात तांबडी होते. पाळी गावाकडच्या खाणींवरून माती धुऊन येते, असं मावशी सांगते. पहिल्या वर्षी मला वाटायचं, ह्या पाण्यातलं मला काहीच वाचता येत नाही. कॉलेजातही तसंच वाटायचं. आमच्या घरात कॉलेजात गेलेलं माझ्याआधी कोणी नाही. वर्गात काय विचारायचं असतं आणि काय विचारायचं नसतं, हे सांगणारं घरी कोणी नव्हतं. म्हणून मी काहीच विचारत नसे.

त्या वर्षीच्या श्रावणाची आठवण आली की मला सगळ्यात आधी रॉकेलचा वास येतो. एका प्लॅस्टिकच्या पिशवीतून सरांनी पुलावरच्या जुन्या वह्या आणल्या होत्या आणि त्यांना वाळवी लागू नये म्हणून कोणीतरी त्यांच्या खोक्यात रॉकेल शिंपडलं होतं. सर म्हणाले, रेल्वेच्या काही पुलांवर पाण्याची पातळी आपोआप मोजणारी यंत्रं बसतायत, त्यातल्या एकाच्या, पेडण्याकडच्या पुलावरच्या, कामात आपला वर्ग मदत करणार. पुलाखाली टांगलेली एक पेटी. ती पाण्याकडे आवाज सोडते, आपल्याला ऐकू न येणारा, आणि तो पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून पाणी किती वर आलंय ते ठरवते. पाणी ठरलेल्या आकड्याला लागलं की स्टेशनला, साहेबांना, सगळ्यांना एकदम निरोप जातो.

मला ते फार आवडलं. पाण्याला हाक मारायची आणि हाक परत येईपर्यंत थांबायचं. मी वहीत तसं लिहून ठेवलं आणि मग खोडलं, कारण अभ्यासाच्या वहीत असं लिहीत नाहीत.

एका मुलाने विचारलं, "सर, आतापर्यंत कसं मोजायचे?"

"तिथे एक माणूस बसतो," सर म्हणाले. "बघून लिहितो. अंदाजे."

वर्ग हसला. वाईट हसला नाही, सहज हसला. तेव्हा मी हात वर करून म्हणायला हवं होतं की तो माणूस माझा बाप आहे. मी समोरच्या मेजावरचं अक्षर नखाने खरवडत बसले.

वह्या टंकायचं काम मी मागून घेतलं. सोळा वर्षांचे आकडे संगणकावर चढवायचे, आणि त्यावरून रेल्वेचे साहेब यंत्राचा 'सावध'चा आकडा पक्का करणार. त्यांचा हिशोब सरळ होता. राखणदाराने पहिला निरोप दिला तेव्हा पाणी कुठे होतं, आणि तिथून तांबड्या पट्टीला पोचायला किती वेळ लागला. त्याच उंचीवर यंत्राने निरोप द्यायचा, म्हणजे तेवढाच वेळ हाताशी राहील. सध्या एक तात्पुरता आकडा घातला होता. चवथीच्या आधी पक्का करायचा होता, कारण चवथीला मुंबईहून जादा गाड्या येतात आणि त्या माणसांनी भरलेल्या असतात.

बाबांचं अक्षर मला लांबूनही ओळखू येतं. सात काढताना ते त्याला शेपूट लावतात. एका पानावर तेलाचा डाग होता. मी नेलेल्या डब्यातल्या कसल्याशा भाजीचा असणार. मी त्या पानावर उगाच जास्त वेळ थांबले.

मग त्या वर्षीचे, यंत्र बसल्यानंतरचे आकडे आले. एकाच पुलाच्या, एकाच दिवसाच्या दोन रेघा. एक यंत्राची, एक बाबांची. पाणी उतरताना दोन्ही रेघा एकमेकींवरून जायच्या, एकाच हाताने काढल्यासारख्या. पाणी चढताना मात्र बाबांची रेघ वर असायची. थोडी नाही, चांगली बावीस सेंटिमीटर. आणि प्रत्येक वेळी तेवढीच.

सर बघून म्हणाले, "चढतं पाणी बघून माणूस घाबरतो, सुषमा. जास्त लिहितो. साहजिक आहे."

पण घाबरलेला माणूस दरवेळी सारखाच कसा घाबरेल? आणि बाबा पाण्याला घाबरत नाहीत. मला वाटलं यंत्र चुकतंय. खरं सांगायचं तर, यंत्र चुकावं असं मला वाटत होतं.

शनिवारी घरी गेले. बाबा पडवीत नारळ सोलत होते, आई आत तोरांना, म्हणजे मिठातल्या कैऱ्यांना, फोडणी देत होती. मी कागदावर दोन रेघा काढून दाखवल्या. बाबांनी कागद लांब धरून बघितला आणि हसले.

"ही वरची माझी मगो? बरोबर आसा. ती वाटेची वीत."

"कसली वीत?"

"शाणूकाकान शिकयलेली." शाणूकाका म्हणजे बाबांच्या आधीचे राखणदार, आता नाहीत ते. "तेव्हा फोन फाटकावरच्या चौकीत होतो. पुलाकडसून फाटकार जावक धा मिनटां. तू सांग, पाणी काय माझी वाट बघीत रवता? मी थंय पोचापर्यंत ता वीतभर चढता. मगे मी सांगतलंय काय, मी निघालंय तेव्हाचा पाणी, की आता आसा ता?"

"म्हणजे तुम्ही..."

"चढत्या पाण्यार एक वीत धरायची. वहीतय तशीच लिवायची, दोन दोन आकडे नकोत. उतरत्या पाण्याक कसली घाई? ता आसा तसा लिवायचा."

आई आतून म्हणाली, "माका सांगतत अर्ध्या तासान येतंय, आणि येतत दोन तासान. थंय खंय जाता ती वीत?"

"तुझ्यासाठी वीत पुरना नाय, हात धरूक होयो," बाबा म्हणाले, आणि आईने पळी आपटली.

मीही हसले. आणि हसता हसता मनात हिशोब घातला. फाटकावरचा फोन जाऊन बारा वर्षं झाली होती. बाबांच्या खिशात मोबाईल होता. पुलाखाली रेंज नसते म्हणून बांधावरच्या काजूपर्यंत जावं लागतं, पण ती दोन मिनिटांची वाट. वाट आखूड झाली, वीत तेवढीच राहिली. तेही चाललं असतं, कारण राखणदार लवकर ओरडला तर कोणाचं काय बिघडतं? पण आता यंत्र त्याच आकड्यावर लावायचं होतं. आणि यंत्र वीत धरत नाही.

मी बाबांना सांगितलं. वहीत जिथे पहिला निरोप लिहिलाय, तिथे खरं पाणी वीतभर खाली होतं. यंत्र तो आकडा खरा धरणार. म्हणजे तुम्ही जेव्हा निरोप द्यायचात, तेव्हा ते गप्प राहणार. पाणी आणखी वीतभर चढेल तेव्हा बोलणार.

बाबा नारळाकडे बघत राहिले. "वीत चढूक धा मिनटां," ते हळूच म्हणाले. हातातला नारळ त्यांनी बाजूला ठेवला. मग, "चवथीच्या गाडयेक धा मिनटां बरीच झाली."

त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. मला कळत होतं ते कशाने. पुढच्या पावसाळ्यात त्यांना तिथे ठेवायचं की नाही हे ठरायचं होतं, आणि सोळा वर्षांच्या वह्यांत चुकीचा आकडा लिहिणारा माणूस अशी चिठ्ठी नावाला लागली असती. गावात त्यांना पाण्याचा माणूस म्हणतात. नवीन बांध घालताना लोक त्यांना बोलावून नेतात. तेवढंच एक त्यांच्याकडे आहे, असं मला तेव्हा वाटलं.

सोमवारी मी एक काम केलं. कोणाला न सांगता चढत्या पाण्याच्या प्रत्येक आकड्यातून बावीस वजा केले. संगणकाला ते करायला चहा निवण्याएवढाही वेळ लागला नाही. रेघा एकमेकींवर बसल्या. आता साहेबांचा हिशोब बरोबर येणार होता, गाड्यांना वेळ मिळणार होता, आणि बाबांचं नाव कुठेच येणार नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं की परत जाताना मी मावशीसाठी पोदेराकडून, आमच्या पाववाल्याकडून, गरम उंडे पाव घेतले. सगळं चांगलंच तर झालं होतं. तरी बाबांना फोन करायला मला दोन दिवस लागले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू माझ्या वहीतला बदललंस?"

"वहीतलं नाही बाबा. संगणकावरचं. कोणाला कळणार नाही."

"मी लिवलंय ता लिवलंय, बाय. तू पुसलंस म्हणान माझी चूक गेली नाय. तुझी एक वाढली."

पलीकडून व्हाळाचा आवाज येत होता. ते काजूखाली उभे असणार.

"साहेब केदना येतले तुझ्या कॉलेजात?"

"शुक्रवारी."

"येतंय."

शुक्रवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. पायांत चपला चिखलाच्याच होत्या, त्या त्यांनी दाराबाहेर काढल्या. प्रयोगशाळेत कोणी चपला काढत नाही. सरांना वाटलं कोणीतरी सामान घेऊन आलंय, म्हणून ते म्हणाले, "तिकडे ठेवा." मी उभी राहिले.

"सर, हे माझे बाबा. त्या पुलावर हेच असतात. वह्या ह्यांच्याच."

सर माझ्याकडे बघत राहिले. वर्गातलं ते 'अंदाजे' त्यांनाही आठवलं असावं. कारण त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे केली. बाबा बसले नाहीत.

"साहेब," बाबा रेल्वेच्या साहेबांना म्हणाले, "चढत्या पाण्यात मी सगळीकडे वीतभर जास्त लिहिलंय. सोळाय वर्षं."

साहेबांनी चष्मा काढला. "अंदाजे ना? तसं आमच्या लक्षात आलंय."

"अंदाज नाय साहेब. वीत."

त्यांनी पुढे होऊन मेजावरच्या कागदावर हात पसरला. मी बदललेला कागद नव्हे. तो मी सकाळीच सरांसमोर ठेवून, काय केलं ते सांगून, जुने आकडे परत घातले होते. सर रागावले होते. आता त्या जुन्या कागदावर दोन रेघा होत्या आणि बाजूला फूटपट्टी छापलेली होती. बाबांनी हात फूटपट्टीवर आणला. अंगठा शून्यावर. करंगळी बावीसवर.

साहेबांनी चष्मा परत लावला. मग बाबांनी फाटकाचं सांगितलं, शाणूकाकांचं सांगितलं, काजूचं सांगितलं. साहेबांना ते आवडलं असं मी म्हणणार नाही. ते म्हणाले, "एवढी वर्षं? आणि कोणाला सांगितलं नाहीत?" बाबा म्हणाले, "कोणी विचारल्यान नाय, साहेब. पण ता कारण न्हय. माकाच ती चूक दिसली नाय." साहेबांनी ते लिहून मागितलं. बाबांनी लिहिलं. सावकाश, सातला शेपूट लावून, खाली सही करून. साहेबांनी कागद दोनदा वाचला, घडी न घालता फाईलमध्ये ठेवला, आणि यंत्राचा आकडा वीतभर खाली आणायला सांगितलं.

जाताना ते दारात थांबले. "ही चूक यंत्राने आम्हाला कधीच सांगितली नसती," एवढंच म्हणाले. कौतुक होतं की तक्रार, ते मला अजून कळलेलं नाही.

चवथीच्या आदल्या दुपारी मी घरी होते. माटोळीला कांगलं बांधत होते. पाऊस सकाळपासून एका लयीत पडत होता, आणि मग लय तुटली. माझ्या फोनवर निरोप आला, आणि मी तो आईला वाचून दाखवते आहे तोवर बाबांचा फोन. ते काजूखालून बोलत होते. "स्टेशनार सांगलंय. तुका इलो मगो पेटयेचो निरोप?" दोघांनी मिनिटाच्या आत एकच गोष्ट सांगितली होती.

मुंबईहून येणारी गाडी पेडण्यात थांबवली. नंतर ऐकलं की लोक कुरकुरले, कोणीतरी फलाटावर आरतीच सुरू केली. व्हाळ तांबड्या पट्टीच्या चार बोटं खाली येऊन थांबला, तासभर तिथेच विचार करत राहिला, आणि उतरला. मग गाडी माणूस चालेल त्या वेगाने पुलावरून गेली. बाबा सांगत होते, खिडकीतून एका बाईने त्यांना विचारलं, "भाऊ, पाणी किती होतं हो?" बाबांनी तिला खरा आकडा सांगितला.

जुन्या आकड्यावर ठेवलं असतं तर काय झालं असतं? मी सरांना विचारलं होतं. ते म्हणाले, बहुधा काहीच नाही. बाबांना विचारलं तर ते माटोळी सरळ बसली आहे की नाही ते बघत राहिले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात पुलावर राखणदार ठेवला नाही. बाबांनी लिहून दिलेल्या कागदामुळे नाही, असं सांगितलं. जिथे यंत्र बसलं तिथे कुठेच ठेवला नाही. बाबांना आठवड्यातून दोनदा पेटी पुसायला बोलावतात. एकदा गांधील माशांनी पेटीच्या तोंडावर घर केलं आणि यंत्र भर उन्हात पूर आल्याचं सांगू लागलं. बाबांनी धूर करून त्या घालवल्या आणि गावभर सांगितलं, "आता माझ्या हाताखाली एक यंत्र आसा. भित्रां आसा, पण शिकतला." खोपीचा पत्रा निघाला. अळू मात्र आपणहून वाढतं आहे. पूर्वीसारखे दिवस राहिले नाहीत, आणि ते हसत असले तरी त्यांना रिकामं वाटतं, हे मला दिसतं. यंत्र चांगलं आहे. मी तेच शिकते आहे, पुढे तेच काम करायची इच्छा आहे. ह्या दोन गोष्टी एकमेकींवर बसत नाहीत. मी आता त्यातून काही वजा करत नाही.

काल बस उभी होती तेव्हा मी घरी फोन लावला. आमच्या घरात फोन जनेलावर, म्हणजे खिडकीत, ठेवतात, तिथेच रेंज येते. बाबांनी उचलला.

"बाबा, व्हाळ चढतोय. निरोप आला." मी आकडा सांगितला.

"वीत धरून, की सोडून?"

"सोडून. आहे तेवढंच."

"बरां," ते म्हणाले. आणि फोन तसाच जनेलावर ठेवला असणार, कारण आई ओरडलेली मला ऐकू आली, "तुमका कोणी बोलवल्यान नाय, खंय चललात?" मग छत्री उघडल्याचा आवाज आला.